वंशावळीतला कोरा रकाना

जयपूरचा उन्हाळा येथे बदलून आलेल्या मराठी माणसाला वर्णून सांगायला नको. माझ्या एका तरुण स्नेह्यांच्या घरी मात्र तो निराळ्या रूपाने येतो. वैशाखात त्यांची दृष्टी अंधुक होते, पाय जड होतात. अंगावर गार पाणी घेतले की पुन्हा थोडे बरे वाटते. त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. शरीराचीच संरक्षक यंत्रणा मज्जातंतूंवरचे आवरण कुरतडते, आणि उष्मा वाढला की उघडे पडलेले तंतू निरोप पोचवीनासे होतात. थोरल्या बहिणीलाही हाच विकार.

एका घरात दोन रुग्ण म्हटल्यावर संशोधकांचे लक्ष जाणारच. अशा कुटुंबात एखादा दुर्मिळ जनुकीय बदल दडला असेल, तर तो आजाऱ्यांत सापडावा आणि निरोगी भावंडांत सहसा नसावा, या अपेक्षेवर हा शोध उभा असतो. म्हणून निरोग्याचे रक्तही तितकेच मोलाचे. ते धाकट्या बहिणीकडे मागण्यात आले. तिच्या लग्नाची खटपट चालू आहे. तिने नकार दिला, आणि घरात अबोला सुरू झाला.

तिचे चुकले काय?

कुलवृत्तांत छापण्याची आपल्याकडे मोठी हौस. राजस्थानात हे काम भाटांच्या बह्या करीत आल्या. जन्म, विवाह, दत्तके यांची नोंद होई. व्याधीचा रकाना बहुधा कोरा. त्या कोरेपणात लबाडी होती, तशी दयाही होती.

विज्ञान तो रकाना भरू पाहते, पण त्याचा हात अजून स्थिर नाही. २०१६ साली कॅनडातील दोन कुटुंबांत या रोगाचे मूळ एका जनुकातील एका बदलात सापडल्याची वार्ता आली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संशोधकसंघाने हजारोंच्या तपासणीवरून ती अमान्य केली. २०१९ पर्यंत दोनशेहून अधिक जनुकीय स्थाने या रोगाशी जोडली गेली. बहुतेकांचा वाटा चिमूटभर. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला रोग जडला, तरी दुसऱ्याला तो चारांत सुमारे एकदाच होतो. मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया यांनी १९९० साली पारशी समाजात या रोगाचे प्रमाण लक्षणीय असल्याचे दाखवले. त्यावरून कोणा एका पारशाचे भविष्य वर्तवता येत नाही.

वरपक्ष असले गणित मांडत बसत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या अनुसूचीत या रोगाचे नाव आहे, तेव्हा कचेरीत तो लपवण्याचे कारण उरले नाही; बैठकीच्या खोलीत उरले आहे.

स्नेही म्हणतात, ‘पुढच्या पिढ्यांसाठी.’ खरेच आहे; हा शोध एकट्याच्या रक्तावर लागत नाही. परंतु रक्त म्हणजे गणेशोत्सवाची वर्गणी नव्हे. वर्गणी दिली की संबंध संपतो. रक्तातली अक्षरे देणाऱ्याविषयी बोलत राहतात, आणि ज्यांना कोणी विचारलेही नाही त्या नातलगांविषयीही. ज्या ज्ञानाने तिला आज निश्चित काहीच कळणार नाही, त्यासाठी कर्तव्याचा धाक घालणे मला अन्याय वाटतो.

येथवर मी तिच्या बाजूचा. पण भावाचा आजार पाहुण्यांना ‘संधिवात’ म्हणून सांगायचा, असे घरात ठरू लागले, तेथे माझी सोबत सुटली. न जाणण्याचा हक्क निराळा, जाणलेले झाकणे निराळे. हे मी तिला बोललो.

‘काका, दादाचा आजार सांगण्याचा अधिकार माझा की त्याचा?’ तिने विचारले.

मला उत्तर सुचले नाही. दोन दिवसांनी स्नेह्यांनी स्वतःच वरपित्यास पत्र लिहिले. थोरल्या बहिणीलाही आधी विचारले होते. नागपूरहून उत्तर अद्याप आलेले नाही.