तपासलं, असं लिहिलं आहे

जिन्यात, लिफ्टशेजारी किंवा ऑफिसच्या पॅसेजमध्ये लटकलेल्या लाल अग्निशामक सिलिंडरच्या मानेला एक कार्ड बांधलेलं असतं, नाहीतर पोटावर स्टिकर चिकटवलेला असतो. भरल्याची तारीख, पुढच्या भरणीची तारीख, दाबचाचणी केव्हा झाली ते, एजन्सीचं नाव आणि एक न लागणारी सही. आपण ते क्वचितच वाचतो, आणि वाचलंच तर पुढची तारीख उलटून गेली नाही ना, एवढंच बघतो. हा लेख त्या कार्डाबद्दल आहे.

पाण्याचा पंप बिघडला तर सकाळी नळ कोरडा असतो. लिफ्ट बिघडली तर तिसऱ्या मजल्यावरच्या आजी संध्याकाळपर्यंत सेक्रेटरीला चार फोन करतात. घरातल्या नि इमारतीतल्या बहुतेक वस्तूंची दुरुस्ती खरी झाली की खोटी, हे वापरात उघडं पडतं. अग्निशामकाचं तसं नाही. तो वर्षानुवर्षं गप्प लटकतो. आतून धड असला तरी गप्प आणि निकामी झाला तरी गप्पच. दाबून बघावं म्हटलं तर तो वापरला जातो. नुसता अर्धा सेकंद दाबून सोडला तरी भुकटीचे कण व्हॉल्व्हमध्ये अडकतात, दाब हळूहळू निघून जातो आणि सिलिंडर पुन्हा भरायला पाठवावा लागतो. म्हणजे तो चालतो हे सिद्ध करण्याची एकच खात्रीची रीत आहे, आणि ती अवलंबल्यावर तो चालत नाही.

अशा वेळी आपण वस्तूवर विसंबत नसतो, कुणाच्या तरी शब्दावर विसंबत असतो. 'मी पाहिलं आहे, हा ठीक आहे', असं सांगणारी साक्ष म्हणजे ते कार्ड. मग प्रश्न येतो तो असा : न पाहता साक्ष देणं हा नेमका कसला गुन्हा आहे? आणि आग कधी लागलीच नाही, तर तो गुन्हा आहे का?

आधी, पाहणं म्हणजे काय ते बघू. सोसायट्यांमध्ये बहुधा 'एबीसी' भुकटीचे सिलिंडर असतात. आत मोनो अमोनियम फॉस्फेटची भुकटी आणि तिला बाहेर ढकलायला दाबाखालचा नायट्रोजन. वर छोटं गेज. काटा हिरव्या पट्ट्यात असला की सगळं ठीक, असं आपल्याला वाटतं. पण काटा फक्त दाब सांगतो. आत ओल शिरून भुकटीचा गठ्ठा झाला असेल, तर त्याची काट्याला गंधवार्ता नसते. दाब शाबूत, भुकटी दगड. त्यासाठी सिलिंडर उतरवावा लागतो, उलटा करून हलवावा लागतो, त्याचं वजन करावं लागतं, नळी आणि तिचं तोंड मोकळं आहे का ते बघावं लागतं आणि ठरावीक काळाने तो उघडावाही लागतो. मीटररूमजवळ लावतात त्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला तर गेजच नसतं. आतला वायू द्रवरूपात असतो. त्यामुळे द्रव शिल्लक आहे तोवर दाब जवळपास तेवढाच राहतो आणि किती वायू उरला हे दाबावरून कळत नाही. ते फक्त वजनावरून कळतं. रिकामं वजन सिलिंडरवर ठोकलेलं असतं, त्याच्याशी ताडून बघायचं. वायू दहा टक्क्यांहून जास्त कमी झाला असेल तर पुन्हा भरायचा. थोडक्यात, जो माणूस वजनकाटा न घेता आला आहे, तो हा सिलिंडर तपासूच शकत नाही, मग त्याच्याकडे कुठलाही परवाना असो.

परवान्याची व्यवस्था महाराष्ट्रात आहे. 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' या कायद्याने आगीपासूनच्या बंदोबस्ताची जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली. यंत्रणा बसवायची आणि तिची निगा राखायची ती परवानाधारक एजन्सीकडून, आणि त्या एजन्सीचं प्रमाणपत्र दर वर्षी दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचं. सोसायट्यांच्या बोलीत याचं नाव 'फॉर्म बी'. यंत्रणा सुस्थितीत आणि कार्यक्षम आहे, असं ते प्रमाणपत्र म्हणतं. कायदा करणाऱ्यांना माणसाचा स्वभाव ठाऊक असावा. प्रत्यक्षात निगा राखलेली नसताना एजन्सीने असं प्रमाणपत्र देऊ नये, हेही त्यांनी कायद्यातच लिहून ठेवलं आहे. खोटं बोलू नका, असं कायद्याला वेगळं सांगावं लागतं, तेव्हा ते कुठे बोललं जाणार याचा अंदाज त्याला आलेला असतो.

अडचण रचनेत आहे. साक्षीदार निवडतो मालक, त्याला पैसे देतो मालक, आणि साक्ष मालकाच्या बाजूने जाईल हे आधीच ठरलेलं असतं. जानेवारीत सोसायटीच्या कमिटीत तीन कोटेशनं येतात. सर्वांत स्वस्त कोटेशनमध्ये काय कमी आहे, हे सहसा कुणी विचारत नाही. कमी असतो तो वेळ. आमच्या इमारतीत एके वर्षी आलेला पोरगा पाठीवरच्या सॅकमध्ये स्टिकरची गुंडाळी आणि एक फडकं घेऊन आला होता. 'साहेब, सोळा नग ना? अर्ध्या तासात उरकतो', म्हणाला, आणि खरोखर उरकलंही. प्रत्येक सिलिंडर फडक्याने पुसला, जुना स्टिकर खरवडला, नवा लावला. वजनकाटा नव्हता. कमिटीतल्या एकाने हटकलं तेव्हा तो अवघडून म्हणाला, 'मला एवढंच सांगितलंय, काका.' त्याच्यावर चिडावं असं काही त्यात नव्हतं. कार्डावर सही त्याची नव्हतीच.

यावर लोक जे म्हणतात ते क्षुल्लक नाही. ते म्हणतात, वीस वर्षांत इमारतीत आग लागलेली नाही, सिलिंडर बहुधा चालतीलच, मग नुकसान कुणाचं झालं? विल्यम किंग्डन क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला, तो नेमका या प्रश्नापासून सुरू होतो. एका जहाजमालकाचं जहाज जुनं आहे, बऱ्याचदा डागडुजी झालेलं आहे. देशांतराला निघालेली कुटुंबं त्यात बसणार आहेत. मालकाच्या मनात शंका येते. मग तो स्वतःची समजूत घालतो : इतक्या फेऱ्या सुखरूप झाल्या, हीही होईल, देव आहे, उगाच कशाला संशय घ्या. हळूहळू त्याला हे मनापासून पटतं. जहाज भर समुद्रात बुडतं आणि तो विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास प्रामाणिक होता यानं काही फरक पडत नाही, कारण हाती असलेल्या पुराव्यावर तसा विश्वास ठेवण्याचा त्याला अधिकारच नव्हता. आणि पुढे तो खरी गोम सांगतो : समजा जहाज बुडलं नाही, सुखरूप पोहोचलं, तरी मालक तेवढाच दोषी. फक्त त्याचा दोष उघडकीला येणार नाही. क्लिफर्ड हे नुसतं खुर्चीत बसून लिहीत नव्हता. १८७० साली सूर्यग्रहण पाहायला निघालेला असताना सिसिलीजवळ त्याचं जहाज फुटलं होतं आणि तो त्यातून वाचला होता.

या निबंधाच्या आदल्याच वर्षी ब्रिटनमध्ये सॅम्युअल प्लिम्सॉल यांच्या लढ्यातून जहाजावर भाररेषा रंगवणं सक्तीचं झालं. जहाज या रेषेच्या खाली बुडेल इतका माल भरायचा नाही. फक्त ही रेषा कुठे रंगवायची, ते मात्र जहाजमालकावर सोडलं होतं! ती जागा कायद्याने ठरवायला १८९० साल उजाडलं. मधली चौदा वर्षं प्रत्येक जहाजावर रेषा होती. आपल्या जिन्यातल्या कार्डाचं आज काहीसं तसंच आहे.

साक्ष कुणाची मानावी, हा आपल्याकडचाही जुना प्रश्न. न्यायदर्शनाने शब्दाला प्रमाण मानलं, पण कुणाच्याही शब्दाला नव्हे, तर आप्ताच्या शब्दाला. इथे आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. वात्स्यायनाच्या भाष्यानुसार ज्याने ती गोष्ट स्वतः प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्याला सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. मला यात सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती त्याची पुढची भर : हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. म्हणजे जन्म, पदवी, शिक्का यांनी कुणी आप्त होत नाही. पाहिलं पाहिजे आणि जसं पाहिलं तसं सांगितलं पाहिजे.

या कसोटीवर फॉर्म बी धरून बघा. ज्याने सिलिंडरला हात लावला तो सही करत नाही, आणि जो सही करतो त्याने सिलिंडर पाहिलेला नसतो. ज्ञान एकीकडे, शब्द दुसरीकडे. उलट जुन्या पेठेत सिलिंडर भरून देणारा एखादा म्हातारा कारागीर असतो. त्याच्याकडे परवाना नसतो, पण तो प्रत्येक व्हॉल्व्ह उघडून बघतो आणि 'हा टाकून द्या, आतून गंजलाय', असं स्वतःचं गिऱ्हाईक मोडून सांगतो. वात्स्यायनाच्या हिशेबात आप्त तोच. मग परवाना कशाला?

इथे मला त्या म्हाताऱ्याच्या प्रेमात पडून चालणार नाही असं वाटतं. पेठेत त्याची नियत पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची असते. पण बावीस मजली टॉवरमध्ये त्याला ओळखतो कोण? त्याच्या शेजारच्या गाळ्यात तशाच फलकाखाली बसणारा दुसरा भुकटीऐवजी काहीही भरत असेल, तर फरक कसा करायचा? आप्त कोण हे आपण ओळखू शकत नाही, म्हणून तर परवाना आला. त्याने माणूस सच्चा होत नाही, पण जाब कुणाला विचारायचा ते ठरतं. एवढं काम तो करतो, आणि ते थोडं नाही. आपली चूक होते ती परवान्यालाच साक्ष समजण्यात. परवाना सांगतो की या माणसाला तपासता येतं. आज, हा सिलिंडर, त्याने तपासला का, हे सांगायला कार्ड हवं आणि कार्डावर हात लावणाऱ्याचं नाव हवं. त्या पोराला स्वतःचं नाव लिहावं लागलं असतं, तर त्याने कदाचित मालकाकडे वजनकाटा मागितला असता. कदाचित मागितला नसता. पण नाव लिहिताना तो एकदा तरी थबकला असता.

अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी पाळल्या जाणाऱ्या 'एनएफपीए १०' या मानकात एक सुंदर युक्ती आहे. सिलिंडर उघडून तपासला किंवा भरला की त्याच्या मानेत एक अखंड कडं घालायचं. कड्याचं भोक इतकं लहान की व्हॉल्व्ह पूर्ण काढल्याशिवाय ते मानेत उतरतच नाही. म्हणजे कडं दिसलं की निदान व्हॉल्व्ह निघाला होता, हे नक्की. आत जुनीच भुकटी परत टाकली असेल तर कडं त्याला काही करू शकत नाही. पण व्हॉल्व्ह काढण्याचा अर्धा खटाटोप केल्यावर उरलेलं काम न करण्यात फारसा फायदा राहत नाही. माणूस खरं बोलेल अशी आशा धरत बसण्यापेक्षा खोटं बोलायलाही तेवढेच कष्ट पडतील असं बघणं, ही नीतीची फार उदात्त पायरी नसेल, पण मला ती आवडते. स्टिकरची गुंडाळी मात्र सॅकमध्ये मावते.

'नुकसान कुणाचं' हा प्रश्न मात्र अजून उरला आहे, आणि क्लिफर्डच्या उत्तरापलीकडे त्याला आणखी एक उत्तर आहे. समजा भिंतीवर सिलिंडर नाहीच, नुसता हुक आहे. मीटररूममधून धूर येतो. वॉचमन धावत येतो, हुक बघतो, आणि ओरडत लोकांना उठवायला वर पळतो. आता भिंतीवर ताज्या तारखेचा पण निकामी सिलिंडर आहे असं समजा. वॉचमन तो काढतो, पिन ओढतो आणि आगीकडे जातो. आगीच्या पहिल्या मिनिटाची किंमत अग्निशमन दलातल्या कुणालाही विचारा. त्यातली किती सेकंदं तो दांडा दाबत, पुन्हा दाबत, सिलिंडर हलवत घालवेल? धूर किती जवळ येईल? रिकामा हुक माणसाला पळ म्हणतो. खोटं कार्ड त्याला थांब म्हणतं. म्हणून खोट्या कार्डाची इमारत, कार्डच नसलेल्या इमारतीपेक्षा नुसती तेवढीच असुरक्षित नसते, जास्त असुरक्षित असते.

आणि थांबणारा बहुधा वॉचमन असतो. स्वस्त कोटेशन ज्या बैठकीत मंजूर झालं तिथे त्याला मत नव्हतं. पाचव्या मजल्यावर पोळ्या करणाऱ्या बाईंनाही नव्हतं. कायदा जबाबदारी मालकावर टाकतो, सोसायटीत मालक आपणच, म्हणून आपल्याला वाटतं की जोखीम आपली आणि पैसेही आपले. तसं नसतं. २०२१ सालच्या जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा अर्भकं गेली, त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या रुग्णालयात आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आगी लागल्या, आणि गेले ते अतिदक्षता विभागातले रुग्ण. यातल्या कुणाचंही सुरक्षेवर किती खर्च करायचा याबद्दल मत विचारलेलं नव्हतं.

काही सोसायट्यांत एक साधी पद्धत आहे. भरणीची तारीख आलेले सिलिंडर एजन्सीच्या टेम्पोत चढवण्याआधी त्यातले दोन, कुठले ते एजन्सीला न विचारता, खाली पार्किंगच्या मोकळ्या जागेत आणतात. भरायचे तर आहेतच, मग रिकामे होऊन गेले तर बिघडत नाही. वॉचमन, एखादी कॉलेजात जाणारी मुलगी, हौसेने आलेले एखादे काका, यांच्या हातात ते देतात. गेल्या वर्षीच्या कार्डावर जे लिहिलं होतं ते खरं होतं की नाही, हे अर्ध्या मिनिटाच्या आत सगळ्यांना दिसतं. पहिल्यांदा दांडा दाबणारे बहुतेक लोक दचकतात, कारण आवाज अपेक्षेपेक्षा मोठा असतो. मग पार्किंगभर भुकटी उडते आणि ती झाडायला दुपार जाते. कुणाच्या तरी गाडीवर ती बसते आणि त्यावरून ग्रुपवर वाद होतो.