शेवटचा हात कुणाचा?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या छोट्या कंपनीत मला एक काम मिळालं होतं. नवा डीबगर महिनाभर वापरून बघायचा आणि तो घ्यावा का, ते एका पानात लिहून द्यायचं. डीबगर फुकट आहे, पैशांचा प्रश्न नव्हता. पण बारा जणांच्या सवयी बदलणं काही फुकट होत नाही.

डीबगरचं नाव आरआर. जगाला तो नवा नाही; मोझिलात तयार झालेला हा डीबगर 2014 पासून सगळ्यांना खुला आहे. आम्ही मात्र अजून जीडीबीवर. रिचर्ड स्टॉलमननं तो 1986 मध्ये लिहिला, म्हणजे आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांपेक्षा वयानं मोठा. जीडीबीत प्रोग्रॅम पुढे जात राहतो, तुम्ही त्याला मध्येच थांबवून आत डोकावता. एक पाऊल पुढे गेलात की पुन्हा पहिल्यापासून. उलटं जायची सोय त्यातही आहे, पण इतकी मंद की कुणी वाटेला जात नाही. शिवाय काही बग असे लाजाळू, की बघायला गेलं की होतच नाहीत. आरआर आधी सगळ्याचं रेकॉर्डिंग करतो. मग ते कितीही वेळा तसंच्या तसं चालवा, नाहीतर उलटं चालवा. मेमरीतल्या एका जागेवर बोट ठेवून विचारायचं, हा आकडा इथे कुणी लिहिला? तो मागे जातो आणि ती ओळच दाखवतो.

चाचणीसाठी मी एक जुना, सुटलेला बग घेतला. उत्तर माहीत असलेलं गणित घातलं की यंत्र खरं बोलतंय का ते कळतं, असा हिशोब.

बग दोन वर्षांपूर्वीचा. मीटरकडून येणारे मेसेज वाचणारा आमचा सी भाषेतला प्रोग्रॅम आठवड्यातून एखाद्या वेळी कोसळायचा. जिथे कोसळायचा ते फंक्शन एका ज्युनियरनं लिहिलं होतं. मेसेजची लांबी भलतीच मोठी आली होती आणि त्यानं ती न तपासता कॉपी केली होती. तो पुटपुटला होता, "सर, लांबी आधीच बिघडलेली येत असेल." मी चार जणांसमोर म्हणालो, "आधी स्वतःचा कोड बघ." त्यानं तपासणीची ओळ घातली, कोसळणं थांबलं. अप्रेझलमध्ये मी लिहिलं, 'काळजी कमी पडते.' सहा महिन्यांत तो पुण्याला गेला.

आरआरमध्ये थ्रेडचा क्रम मुद्दाम विस्कटून लपलेला बग बाहेर काढायची सोय आहे. जुना कोड तसा रात्रभर चालवला. सकाळी दोन क्रॅश हाती लागले होते. लांबीच्या आकड्यावर पहारा बसवला आणि म्हटलं, मागे जा.

तो माझ्या ओळीवर येऊन थांबला.

सी न लिहिणाऱ्यांसाठी सांगतो. मेमरी म्हणजे भाड्याची खोली. मी खोली सोडली, मालकाला तसं कळवलं, पण किल्ली खिशातच राहिली. मालकानं खोली दुसऱ्याला दिली. माझं टायमरचं फंक्शन जुन्या किल्लीनं आत शिरून आपला आकडा लिहून यायचं. नवा भाडेकरू म्हणजे त्या मुलाचा मेसेज. त्याच्या तपासणीनं कोसळणं थांबलं, शिरकाव नाही. दोन वर्षं तो आकडा आणखी कुणाच्या खोलीत लिहिला गेला असेल, त्याचं रेकॉर्डिंग कुणाकडेच नाही.

संध्याकाळी ठाण्याहून डोंबिवलीला स्लो लोकलनं निघालो. डोक्यात लगेच सुरू झालं. ते फंक्शन मी डिलिव्हरीच्या आदल्या रात्री लिहिलं होतं. कळवा. रिव्ह्यू कुणी केलाच नाही. मुंब्रा. तारीख विचार न करता कबूल केली होती, ती मी नव्हे. दिवा. कोपर येईपर्यंत मलाच माझी शरम वाटली. त्या मुलाच्या वेळी मी पहिल्याच स्टेशनवर उतरलो होतो. स्वतःच्या वेळी मात्र थेट कसाऱ्यापर्यंत जायची तयारी.

न्यायदर्शनात यावर एक मजेशीर चर्चा आहे. घडा झाला, तर त्याची कारणं कोणती? माती, चाक, दांडा, कुंभार. मग कुंभाराचा बाप? माती वाहून आणणारं गाढव? तेही आधी होतेच की. पण नैयायिक त्यांना कारण मानत नाहीत, 'अन्यथासिद्ध' म्हणून बाजूला काढतात. मला हा भेद फार आवडतो आणि नेमका अडचणीच्या वेळी तो हातातून सुटतो. डिलिव्हरीची तारीख कुंभार की गाढव?

थेराक-25 नावाच्या रेडिएशन मशीनचं बघा. 1985 ते 1987 दरम्यान अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना त्यातून भयानक जास्त मात्रा गेली, काही दगावले. दोष सॉफ्टवेअरच्या काही ओळींत होता, असं म्हणून थांबता येतं. पण तशीच चूक आधीच्या थेराक-20 मध्येही होती. तिथे स्वतंत्र हार्डवेअर कुलपं होती, म्हणून कुणाचा जीव गेला नाही. नव्या मशीनमध्ये सॉफ्टवेअरवर विसंबून ती कुलपं काढली. उलटा चालणारा डीबगर चुकीची ओळ दाखवेल. कुलपं काढायचं ठरलं ती बैठक दाखवणार नाही, कारण ती मेमरीत नसते. ती बैठक गाढव नव्हती, एवढं मी नक्की म्हणेन. माझ्या तारखेबद्दल तेवढ्या ठामपणे म्हणवत नाही. किल्ली खिशात ठेवणारा हात माझाच होता.

पान लिहून दिलं. घ्यावा. सगळे थ्रेड एकाच कोअरवर चालवतो म्हणून हळू पडतो, मीटरमधल्या चिपवर चालत नाही, तिथे जीडीबी राहू द्या. खाली जुन्या बगची खरी नोंद लिहिली, माझ्या नावानिशी.

मग पुण्याला फोन लावला. सगळं सांगितलं. अप्रेझलचंही. पलीकडे बराच वेळ कुणी बोलेना.

"सर, मी तेव्हा म्हटलं होतं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "पण ती तपासणी काढू नका हं. राहू द्या."