हनुवटी जरा खाली

माझा आजवरचा एकही फोटो माझ्यासारखा आलेला नाही. माझ्या आधारकार्डावर जो गृहस्थ आहे तो उद्या आमच्या दारात आला, तर मी त्याला बाहेरूनच "कोण पाहिजे?" असं विचारीन आणि आत आल्याबरोबर कपाटाला कुलूप लावीन. पासपोर्टावरच्या गृहस्थाबद्दल तर न बोललेलंच बरं. कुठल्याही देशाने त्याला आत घेतलं, हे त्या देशाच्या मनाचं मोठेपण.

पण फोटोवाल्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही, कारण एका दिवाळीत मी स्वतः फोटोवाला होतो. म्हणजे तसा मदतनीस. साल १९७४, गाव कऱ्हाड, वय सोळा. "सुट्टीत उनाडक्या करण्यापेक्षा काहीतरी शीक," असं म्हणून नानांनी मला त्यांच्या ओळखीच्या एका स्टुडिओत नेऊन बसवलं. पगार शून्य, चहा दोन वेळा आणि उपदेश दिवसभर. स्टुडिओच्या मालकांना सगळं गाव मास्तर म्हणे. त्यांनी कुठल्याच शाळेत शिकवलेलं नव्हतं, पण गावातल्या प्रत्येकाला त्यांनी निदान एकदा तरी "सरळ बस" म्हणून सांगितलेलं होतं, त्यावरून हे नाव पडलं असावं.

आजच्या पोरांना दिवाळीतला स्टुडिओ म्हणजे काय ते सांगून कळायचं नाही. तेव्हा वर्षभर फोटो काढायला माणसाला कारण लागे, आणि दिवाळीत सगळी कारणं एकदम येत. नवे कपडे अंगावर, मुंबई-पुण्याला गेलेले मुलगे घरी, पोरांना सुट्टी. पाडव्याला नवी जोडपी येत आणि दोघांच्या मध्ये तिसरं माणूस मावेल एवढी जागा ठेवून बसत. भाऊबीजेला भाऊ-बहिणींची रांग थेट रस्त्यावर जाई. आणि तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होणार, म्हणून उपवर मुलींचे 'दाखवायचे फोटो' दिवाळीच्या साडीतच उरकून घेतले जात. साडी एकदाच इस्त्री करावी लागे, हा हिशेब.

स्टुडिओत एक रंगवलेला पडदा होता. त्यावर एक खांब, एक बाग आणि एक जिना. तो जिना कुठेच जात नसे. आरशापाशी फणी, पावडरचा डबा, आणि खुंटीवर एक काळा कोट व एक टाय. हा कोट सगळ्या गावाचा. बारीक माणसाला तो मागून चिमटे लावून घट्ट करायचा आणि जाड्या माणसाला पुढून नुसता टेकवायचा. आजही कऱ्हाडातल्या जुन्या घरांत भिंतीवरचे आजोबा पाहिले, तर निम्म्या आजोबांच्या गळ्यात तोच टाय सापडेल. माझं काम चिमटे लावणं, पडदा सरळ करणं आणि चकली खाऊन आलेल्यांना हात धुवायला लावणं. तेलकट हातांनी माणसं आधी केसांना आणि मग कोटाला हात लावतात, हे मानवी स्वभावाबद्दल मला कळलेलं पहिलं सत्य.

मास्तर मात्र कारागीर होते. लहान मूल आणायचं तर झोप आणि दूध झाल्यावर, जेवायच्या वेळेला नाही. नवी कोरी टोपी घालून फोटो काढू नये, आधी दोन दिवस घरात घालावी, म्हणजे ती डोक्याला ओळखू लागते. चष्मेवाल्याच्या काड्या कानावर जराशा उचलाव्यात, म्हणजे काच किंचित खाली झुकते आणि दिव्याची चमक भिंगात येत नाही. हात कुठे ठेवायचे हा माणसाचा फोटोतला सर्वात मोठा प्रश्न, म्हणून प्रत्येकाच्या हातात काहीतरी द्यावं. पुस्तक, काठी, नातू, काहीही. आणि सर्वांना सारखंच एक वाक्य, "हनुवटी जरा खाली." हनुवटी वर केली की कलेक्टरसुद्धा भांडायला आल्यासारखा दिसतो, असं ते म्हणत.

त्यांची खरी युक्ती वेगळीच होती. "रेडी... हसा... झालं!" म्हणून ते एक फोटो काढत. 'झालं' ऐकलं की माणूस सुटकेचा श्वास टाकी, खांदे खाली येत, बायको नवऱ्याकडे बघून हसे. तेवढ्यात मास्तर दुसरा काढत. मी दोन दिवस हिशेब करून हैराण. एवढी महागाची फिल्म, आणि हे प्रत्येकाचे दोन-दोन? तिसऱ्या दिवशी कळलं. पहिल्या वेळी ते स्लाइडचं झाकण ओढतच नसत. पहिला फोटो निव्वळ खटक्याचा आवाज!

"म्हणजे तुम्ही लोकांना फसवता?" मी म्हटलं. सोळाव्या वर्षी माणूस फार तत्त्वनिष्ठ असतो.

"फसवतात ते. मला बघून खोटं तोंड करतात," मास्तर म्हणाले. "मी ते काढत नाही एवढंच."

रात्री दुकान बंद झालं की रिटचिंग चाले. उतरती काच बसवलेलं छोटं मेज, खाली आरसा, त्यात दिव्याचा उजेड. काचेवर निगेटिव्ह. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हमध्ये पांढरा, म्हणजे पारदर्शक दिसतो. त्यावर पातळ वार्निशचा हात द्यायचा आणि पॉलिश पेपरवर घासून सुईसारख्या केलेल्या पेन्सिलीने स्वल्पविरामाएवढ्या रेघा भरायच्या, की छापताना तो डाग नाहीसा. मास्तरांनी मला हेही शिकवलं. माझं अक्षर वाईट होतं पण स्वल्पविराम चांगले येत.

या कामात मास्तरांचा एकच नियम होता. आठ दिवसांत जे आपोआप जाणार ते पुसायचं, जन्मभर राहणार ते पुसायचं नाही. मुरूम पुसायचा, तीळ ठेवायचा. फटाक्याने भाजलेला फोड पुसायचा, जुनी खोक ठेवायची. "मुरूम त्या माणसाचा नाही, त्या आठवड्याचा," असं त्यांचं म्हणणं. शिवाय त्यांच्या तरुणपणीच्या ऑर्थो प्लेटांना तांबडा रंग दिसतच नसे, तो काळा उमटे. साधी लाल पुटकुळी फोटोत डांबराच्या थेंबासारखी येई. तेव्हा खोटं बोलली ती प्लेट, पेन्सिलीने फक्त दुरुस्ती केली.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी एक बाई आल्या. पदराखालून एक लहानसा फोटो काढला, फौजी पोशाखातला. भाऊ १९७१ च्या लढाईत गेलेला. त्यांना त्याच्याशेजारी बसलेला आपला फोटो हवा होता. मास्तरांनी त्यांना बाकावर एका टोकाला बसवलं, शेजारची जागा रिकामी ठेवली, आणि त्या रात्री दोन वाजेपर्यंत कापून, चिकटवून, रंगवून, पुन्हा फोटो घेऊन त्या भावाला तिथे आणून बसवलं. पैसे नेहमीचेच घेतले. मी विचारलं, "मास्तर, जन्मभर राहणारं पुसायचं नाही म्हणता, आणि जो जन्मात नाही त्याला आणून बसवता?"

"कोण फसलं?" ते म्हणाले. "तिला ठाऊक आहे, तिच्या घराला ठाऊक आहे."

हे उत्तर मला भलतंच पटलं. अर्धवट पटलेलं तत्त्वज्ञान फार वाईट. ते मुळीच न पटलं तर निदान आपण गप्प बसतो.

कारण दुसऱ्या दिवशी ओवाळणी झाल्यावर ताईला घेऊन नाना स्टुडिओत आले. दाखवायचा फोटो काढायला. ताईला पाच वर्षांची असताना देवी आल्या होत्या. जीव वाचला, चेहऱ्यावर वण राहिले. त्या काळी अशा वणांचे चेहरे गावात पुष्कळ होते. १९७७ साली देश देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं, पण ज्यांना आधीच येऊन गेल्या होत्या त्यांच्या चेहऱ्यांना ते कोण कळवणार? दोन स्थळं तोंडावर नाही म्हणून गेली होती. मास्तरांनी तिला बसवलं, दिवा बाजूला होता तो समोर आणला, त्याच्यापुढे पातळ मलमल धरायला मला सांगितलं. समोरून आलेल्या मऊ उजेडात खड्ड्यांना सावली पडत नाही. ताई छान दिसली. ती 'झालं' ऐकून हसली तेव्हा तर फारच.

निघताना नानांनी मास्तरांना बाजूला घेतलं. "तेवढे वण जरा..."

"नाना, ते जायचे नाहीत," मास्तर म्हणाले. नानांनी छत्री उचलली आणि न बोलता गेले. नोव्हेंबरात पाऊस नव्हता. त्यांना हातात काहीतरी हवं होतं.

त्या रात्री मास्तर बहिणीकडे जेवायला गेले आणि किल्ली माझ्याकडे होती. पुढचं मी लांबवत नाही. पहाटेपर्यंत मी माझ्या बहिणीच्या चेहऱ्यावर शेकडो स्वल्पविराम काढले. कोण फसलं, कोणीच नाही, असं मनाशी म्हणत होतो. प्रिंट ओली असतानाच नानांना नेऊन दिली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली आणि मला आठ आणे दिले. माझी फोटोतली पहिली आणि शेवटची कमाई.

तुळशीचं लग्न झालं आणि पुण्याचे पाहुणे आले. पोहे झाले. मुलाच्या आईने चष्मा लावला, हातातला फोटो पाहिला, ताईकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. वाईट बाई नव्हत्या त्या. "फोटो फार सुरेख आलाय हो," एवढंच म्हणाल्या. ताई पोह्यांच्या बश्या उचलून आत गेली. मी दाराशी उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, हे मला पुढे किती वर्षं छळेल याची तेव्हा कल्पना नव्हती. आठवड्याने कार्ड आलं. पत्रिका जुळत नव्हती.

नाना तावातावाने स्टुडिओत गेले. तोवर त्यांना वाटत होतं की मास्तरांनीच शेवटी ऐकलं. मास्तरांनी निगेटिव्ह उजेडात धरलं. रेघा कोणाच्या ते त्यांना कळायला क्षण लागला नसणार. "माझ्या दुकानातून गेला तो फोटो," ते म्हणाले. "चूक माझी." नाना गेल्यावर त्यांनी माझ्यापुढे निगेटिव्ह, टर्पेंटाइनची बाटली आणि कापूस ठेवला. पुसून टाकता येतं ते. वार्निश निघतं, रेघा निघतात.

मी पुसत होतो आणि वादही घालत होतो. उजेड समोर घेऊन वण लपवले ते चालतं, आणि पेन्सिलीने लपवले ते चालत नाही? पुढे कॉलेजात डागेरचा १८३८ सालचा पॅरिसच्या रस्त्याचा फोटो पुस्तकात पाहिला तेव्हा हा वाद मी मनातल्या मनात पुन्हा घातला. वर्दळीचा रस्ता, पण प्लेटला कित्येक मिनिटं लागत असल्यामुळे चालती माणसं, घोडे, गाड्या काहीच उमटलं नाही. उमटला तो एकटा बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला माणूस. म्हणजे पेन्सिलीला हात न लावता कॅमेऱ्याने अख्खं पॅरिस पुसलं, आणि आपण त्याला इतिहास म्हणतो! शिवाय दिवाळीला आपण भिंतींना चुना देतो ते काय रिटचिंग नव्हे?

त्या दिवशी एवढं सुचलं नव्हतं, पण मास्तरांनी उत्तर दिलं ते याही सगळ्याला पुरून उरलं असतं. म्हणाले, "त्या उजेडात तुझी बहीण तशी दिसते. उद्या पुन्हा त्या उजेडात बसव, पुन्हा तशीच दिसेल. तुझ्या पेन्सिलीत तिला कुठे नेऊन बसवणार?"

नव्या प्रिंटमध्ये ताईचे वण होते आणि ते हसूही होतं. तो फोटो पाहून १९७६ साली साताऱ्याचे भावजी आले आणि होकार देऊनच गेले. त्यांचा चष्मा तेव्हा दुरुस्तीला होता असं ते पुढे चाळीस वर्षं सांगत आणि ताई दर वेळी चिडे.

एवढ्यावर माझा निकाल लागला असता तर बरं झालं असतं. पण भावजी गेल्यावर ताईचं कपाट आवरताना तळाशी कागदात गुंडाळलेली ती पहिली प्रिंट सापडली. माझ्या स्वल्पविरामांची. पुण्याच्या पाहुण्यांनी परत पाठवलेली असणार. मी म्हटलं, "अगं, ही कशाला ठेवलीस?"

"तू केलेली ना," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आणि देवी आल्या नसत्या तर मी कशी दिसले असते, ते दुसरीकडे कुठे बघायचं?"

मास्तर हयात नव्हते, नाहीतर मी त्यांना विचारायला गेलो असतो.

गेल्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर ताईच्या नातीने आमचा दोघांचा फोटो फोनवर काढला. मी सवयीने म्हटलं, "हनुवटी जरा खाली." पण त्या पोरीने तीन सेकंदांत बारा फोटो काढले होते, त्यात हनुवटीच्या सगळ्या अवस्था आल्या होत्या. फोन ताईच्या हातात दिला. कोणी न सांगता त्या यंत्राने तिचे वण, सुरकुत्या, सगळं गुळगुळीत केलं होतं. माझंही टक्कल चकाकत होतं, ते मात्र ठेवलं होतं.

"ही कोण गं?" ताईने विचारलं.

"तूच की आजी! नको असेल तर फिल्टर काढते. एक बटण दाबलं की जातं."

ताईने फोन लांब धरला, जवळ धरला, चष्मा वर करून पाहिलं. माझ्याकडे एकदा पाहिलं.

"काढ," ती म्हणाली. "पण आधी हा असाच मला पाठवून ठेव."