काश्यपाला वाटेतून परतवू नका



परीक्षिती राजाची कथा आपण दरवर्षी सप्ताहात ऐकतो. शाप झाला, सातव्या दिवशी तक्षक डसला, आणि राजा हरिकथा ऐकत देह सोडून गेला. पण महाभारतात या कथेचा आणखी एक धागा आहे, तो कानांवरून निसटतो. विष उतरविणारा काश्यप नावाचा ब्राह्मण राजाकडे निघाला होता. तक्षकाने त्याला वाटेत गाठले. दंश करून एक वड भस्म केला. काश्यपाने तो पुन्हा पालविला. तेव्हा तक्षकाने त्याला धन देऊन तिथूनच माघारी धाडले. उपाय दाराकडे निघालेला होता, तो वाटेतून परतविला गेला!

हे आज सांगण्याचे कारण आहे. पावसाळा लागला की आमच्या चंदगड भागात ताम्रपर्णी भरून वाहते, शिवारात रोप लावण सुरू होते. बिळांत पाणी शिरते आणि साप बांधावर, गोठ्यात, प्रसंगी घरात येतो. तेच दिवस आषाढी वारीचे. शेतकरी अनवाणी चिखलात, वारकरी भुईवर निजलेला. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली, असा अंदाज अभ्यासकांनी २०२० साली मांडला. त्यांत बहुतेक खेड्यांतलीच.

साप चावला की पुष्कळ ठिकाणी माणसाला आधी मांत्रिकाकडे नेतात, नाहीतर देवळात आणून निजवतात. आम्हांस विचारतात, “महाराज, मंत्राने माणसे उठलेली आम्ही पाहिलीत, ते खोटे का?” बाबा हो, उठली हे खरे, पण ती मंत्राने नव्हे. पुष्कळ साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. ती माणसे उठणारच होती. ज्याच्या अंगात खरे विष भिनले, त्याचा मात्र मोलाचा वेळ मंत्रात जातो. हेच काश्यपाला वाटेतून परतविणे!

नाग आणि मण्यार यांच्या विषाने पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते, शेवटी श्वास थांबतो. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते. घोणसाने मूत्रपिंडेही जातात. मण्यार तर रात्री निजलेल्याला चावते. ना सूज, ना फारशी वेदना. पहाटे पोटात दुखते, डोळे उघडत नाहीत, आणि घरचे म्हणतात, काहीतरी बाधा झाली! ती बाधा नव्हे; दवाखाना गाठा.

दंश झाल्यावर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका, पाला लावू नका. अंगठी, बांगड्या, जोडवी लगेच काढा. चावलेला हातपाय काठीच्या आधाराने स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, धीर द्या. १०८ क्रमांकाला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीने चंदगडचे ग्रामीण रुग्णालय किंवा जवळचा सरकारी दवाखाना गाठा. प्रतिविष तिथे शिरेतून देतात. साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही. कृष्णानेही कालियाला मारले नाही, डोहातून घालवून दिले.

त्याआधीची सावधगिरी सोपी आहे. भजनाहून परतताना हाती बत्ती आणि काठी असावी. खाटेवर निजावे; दिंडीत भुईवर निजणे भाग पडले तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात. सरपणात, गवताच्या गंजीत एकदम हात घालू नये.

कोणी म्हणेल, मग नामाचे काय? नाम घ्यावेच. गाडीत रोग्याच्या उशाशी बसून घ्या. त्याची भीती निवेल. पण गाडी थांबवून घेऊ नका. नवसाने पोरे होतात म्हणणाऱ्यांना तुकोबांनी फटकारले, ते भक्ती कमी म्हणून नव्हे. देवाने वैद्याच्या हाती दिलेला उपाय नाकारणे ही निष्ठा नव्हे, हट्ट आहे. तुळशीमाळ गळ्यात असलेल्या प्रत्येकाने यंदा आपल्या गावात एवढेच सांगावे: काश्यप निघाला आहे, त्याला वाट द्या.

रामकृष्णहरि!