काल, उपाधी आणि औषधाची वेळ

अमरावती-अकोल्याकडील वृद्ध आईबापांना मुलांच्या घरी न्यू जर्सीस जाण्याचा योग आता वरचेवर येऊ लागला आहे, आणि बडनेऱ्यास मुंबईची गाडी धरण्यापूर्वी त्यांना जो प्रश्न पडतो तो वरवर वैद्यकीय दिसला तरी मुळात तत्त्वज्ञानाचा आहे : सकाळची गोळी कोणत्या सकाळी घ्यावयाची, इथल्या की तिथल्या?

संध्येपुरता धर्मशास्त्राचा निकाल स्पष्ट आहे. संकल्पात कालाबरोबर देशाचाही उच्चार होतो, आणि कर्म ज्या मुक्कामी करावयाचे तेथल्याच सूर्योदयाचा अंमल त्यावर चालतो. परंतु शरीर काही संकल्प सोडून प्रवासास निघत नाही. म्हणून कित्येक जण मनगटावर वऱ्हाडचे घड्याळ जपतात आणि उन्हाळ्यात तिथल्या रात्री साडेदहाला सकाळी आठची गोळी निष्ठेने घेतात.

वैशेषिकांनी काल एक, नित्य व विभू मानिला. दिवस, मास हे भेद सूर्याच्या गतीच्या उपाधीने होतात, असे त्यांचे मत. घड्याळ ही तर त्याहूनही कृत्रिम उपाधी. जिला आपण आपली वेळ म्हणतो ती साडेब्याऐंशी पूर्व रेखांशाची, 1906 साली सरकारी हुकुमाने लागू झालेली. तिचे बारा वाजल्यावर अमरावतीचा मध्यान्ह सरासरीने 19 मिनिटांनी आणि अकोल्याचा सुमारे 22 मिनिटांनी होतो. (या तीन मिनिटांनी अकोलेकरांच्या प्रकृतीत काही बिघाड झाल्याचे ऐकिवात नाही.)

सुश्रुताने औषधसेवनाचे जे दहा काल सांगितले, त्यांत रिकामे पोट आहे, जेवणाचा आरंभ, मध्य आणि शेवट आहे, घासाबरोबर घेणे आहे. घटिका-पळांची मोजदाद नाही. औषधाचा काल म्हणजे औषधाचे अन्नाशी आणि आधीच्या मात्रेशी असलेले नाते, असे मला वाटते, आणि आधुनिक वैद्यकही याहून निराळे सांगत नाही. थायरॉक्सिनचा अंश शरीरात निम्मा होण्यास सुमारे सात दिवस लागतात. त्या गोळीला साडेनऊ तासांच्या फरकाचे सोयरसुतक नाही, ती मुक्कामी पोहोचल्यावर तिथल्या सकाळी उपाशीपोटी खुशाल घ्यावी. इन्सुलिनचा हिशेब मात्र तासांचा : पश्चिमेस जाताना दिवस लांबतो, परतताना आखडतो, आणि मात्राही त्याप्रमाणे बदलावी लागते. संध्येची वेळ टळल्यास एक अर्घ्य अधिक देतात. परंतु त्याच न्यायाने चुकलेल्या गोळीपायी दोन गोळ्या एकदम घेणे हे प्रायश्चित्त नव्हे, नवा प्रमाद होय.

तेव्हा मधुमेह किंवा अपस्मार असलेल्यांनी, तसेच रक्त पातळ करण्याचे औषध घेणाऱ्यांनी, जाण्याची व येण्याची अशी दोन्ही वेळापत्रके आपल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावीत आणि औषधे हातच्या पिशवीत ठेवावीत. विमानाच्या पोटातील सामानात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते.