धमकी जड की अफवा?

‘तुला बघून घेतो’ असा मेसेज आला की माणूस पोलिस ठाण्याची वाट धरतो. ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे’ असा आला, की तोच माणूस तो आणखी चार ग्रुपवर टाकतो. पहिला गुन्हा, दुसरी समाजसेवा! कायद्याचा तराजूही थोडा तिकडेच झुकलेला आहे. भारतीय न्याय संहितेत जिवे मारण्याच्या धमकीला सात वर्षांपर्यंत कैद आहे, घबराट पसरवणाऱ्या अफवेला तीन. मला हा हिशेब पटत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, ऐन आठवडे बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मुलं पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले. त्यांना कोणी धमकावले नव्हते. धमकी निदान ज्याच्यावर रोखलेली असते त्याला कळते. तो सावध होतो, तक्रार करतो. अफवेचा बळी शेवटपर्यंत बेसावध राहतो. म्हणून अपायाचे वजन शब्द किती जहाल यावरून करू नये, समोरच्याच्या हाती बचावाला काय उरते यावरून करावे.

यावर कोणी म्हणेल, मेसेज पुढे ढकलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. नसेलही. पण गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाची कसोटी सांगितली आहे, तिच्यात बोलणे हितकर असून भागत नाही, ते सत्यही असावे लागते आणि ऐकणाऱ्याला उद्विग्न न करणारेही. खरेखोटे न पाहता हित करायला निघालेला माणूस पहिल्याच पायरीवर घसरतो. दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांना धमक्या येतच होत्या; २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. सावध असणे म्हणजे वाचणे नव्हे, हे मान्यच करायला हवे. धमक्यांना कंटाळून एखादी बाई लिहिणेच सोडते, त्याची तर कुठे नोंदही होत नाही. पण याने माझे माप मोडत नाही. ज्या धमकीमागे खरोखर हत्यार आहे, किंवा जिच्यापुढे गप्प बसण्यावाचून वाट नाही, ती याच मापाने जड ठरते. भांडणाच्या भरात दिलेल्या दहा पोकळ शिव्या मात्र हलक्या.

जुन्नर-आंबेगावात हा प्रश्न बिबट्याच्या पावलांनी येतो. सातगाव पठारावर, पेठच्या परिसरात, रात्रीची वीज आली की बॅटरी घेऊन पाणी भरायला जावे लागते. अशा वेळी कुठल्या तरी दुसऱ्याच जंगलातला, नाहीतर संगणकाने बनवलेला बिबट्या ‘आत्ता पेठ घाटात’ म्हणून ग्रुपवर आला, तर कोणाला धमकी नाही, शिवी नाही, गंमतच म्हणायची. पण तीन वेळा फसलेला माणूस चौथ्या वेळी खरा इशारा वाचतसुद्धा नाही, आणि बांधावर एकटाच उभा राहतो. लांडग्याची गोष्ट आपण पोरांना सांगतो, स्वतः विसरतो. तेव्हा फोटो आला की आधी एवढेच विचारा: कोणी पाहिला, कुठे, किती वाजता? उत्तर मिळाले नाही, तर तो तिथेच राहू द्या.