वडिलांची जीप की कारखान्याची?

जुनी वस्तू दुरुस्त करताना आपण नेमके काय परत मिळवू पाहतो? प्रश्न मिस्त्रीच्या गॅरेजमधला वाटतो. पण थोडे खोलात गेले की तो तत्त्वज्ञानाच्या वर्गातलाही निघतो आणि आपल्या घरातलाही. आज तो एका जुन्या जीपच्या निमित्ताने विचारून पाहू.

धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्यात ईट हे गाव आहे. बालाघाटच्या डोंगररांगांचा हा मुलूख. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल झाला, की शेतरस्त्यावर साधी मोटार रुतून बसते. अशा भागात जीप ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. चारही चाकांना जोर देणारी ही गाडी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत लष्करासाठी जन्माला आली. आज महिंद्रा अँड महिंद्रा म्हणून आपण ओळखतो त्या कंपनीने 1947 साली मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे ती इथेच बनू लागली. 1952 साली सामूहिक विकास योजना सुरू झाली, तेव्हापासून गटविकास अधिकाऱ्याची जीप म्हणजे खेड्यात सरकार आल्याची खूणच झाली. त्यानंतर जीप शेतकऱ्याच्या वाड्यात आली आणि ‘काळी-पिवळी’ होऊन बाजाराच्या रस्त्यावरही धावली.

समजा, ईटमधल्या एका शेतकरी कुटुंबाच्या अंगणात लिंबाखाली अशी एक जीप उभी आहे. वडिलांनी ती 1970च्या दशकात जुनी विकत घेतली. मूळचे इंजिन पेट्रोलचे. डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त, म्हणून त्यांनी काही वर्षांनी तिच्यात डिझेल इंजिन बसवून घेतले आणि आर.सी. बुकात तशी नोंदही करून घेतली. पुढची पंचवीस वर्षे ती त्याच इंजिनावर चालली. तिने बियाणे आणले, खताची पोती वाहिली, अडलेली बाळंतीण रात्री दवाखान्यात पोचवली, वऱ्हाड नेले. वडील गेले आणि गाडी जागच्या जागी थांबली. आता दोन्ही मुलांनी सवडीने ती घरीच दुरुस्त करायचे ठरवले आहे.

इथे दोघांत मतभेद होतो. थोरला म्हणतो, “गाडी कारखान्यातून आली तशी करू. पेट्रोलचे इंजिन शोधू, मूळचा रंग देऊ.” धाकटा म्हणतो, “दादा, मग ती अण्णांची गाडी कशी राहील?” आई कोणाचीच बाजू घेत नाही. ती एवढेच सांगते, “त्या इंजिनाचा आवाज वेशीपाशी आला, की मी चुलीवर तवा ठेवायची.”

बरोबर कोण? घाई न करता पाहू.

जीप दुरुस्तीला काढली, की आधी तिचा वरचा सांगाडा उतरवतात. बोल्ट सुटले तर सुटतात, नाहीतर कापावे लागतात. चार-सहा माणसांनी बॉडी उचलून बाजूला ठेवली, की खाली चासी उघडी पडते. दोन लांब लोखंडी पट्ट्या, त्यांना जोडणारे आडवे तुकडे, आणि त्यावर पाटे, ॲक्सल, गिअरबॉक्स, इंजिन. वर्षानुवर्षे उभ्या गाडीचे इंजिन बहुधा जाम झालेले असते. जाणता मिस्त्री ते गाडी ओढून सुरू करू देत नाही. सिलिंडरमध्ये तेल सोडून तो काही दिवस थांबतो आणि मग हाताने हळूहळू फिरवून पाहतो. जिथे चिखल आणि पाणी साचून राहिले, तिथला पत्रा बोटाने दाबला तरी भुगा होतो. रंग खरवडला, की थरावर थर निघतात. वरचा रंग आपल्या आठवणीतला असतो आणि खालचा आपल्या जन्माआधीचा. डॅशबोर्डवर वडिलांनी जादा दिव्यासाठी पाडलेले भोक सापडते. चासीवर गावच्या वेल्डरने मारलेला जाड टाका सापडतो. बॉनेटला एक पोचा असतो आणि तो कसा पडला हे सगळ्या घराला माहीत असते.

यातले काय ठेवायचे आणि काय काढायचे? प्रत्येक तुकड्यापाशी हा प्रश्न नव्याने उभा राहतो.

हा प्रश्न माणसाने फार पूर्वीपासून विचारला आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक वंशाचा राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. राजा रथातून आला असे कळल्यावर नागसेन विचारतो, की चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? दांडी म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. शेवटी राजालाच सांगावे लागते, की हे सगळे भाग एकत्र आले म्हणजे त्याला ‘रथ’ हे नाव मिळते. ग्रीकांकडे थिसियसच्या जहाजाची कथा आहे. प्लुटार्क सांगतो, की अथेन्सच्या लोकांनी ते जहाज जतन केले आणि कुजलेली फळी काढून तिच्या जागी नवी बसवत गेले. मग ते जहाज तेच राहिले की दुसरे झाले, यावर पंडितांत वाद पडला. सतराव्या शतकात इंग्लंडच्या थॉमस हॉब्जने त्यात आणखी एक पेच टाकला. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्याच क्रमाने जोडून दुसरे जहाज उभे केले, तर खरे जहाज कोणते?

ॲरिस्टॉटलने केलेला एक भेद इथे उपयोगी पडतो. त्याच्या मते निसर्गातल्या वस्तूला वाढण्याची आणि बदलण्याची प्रेरणा आतून असते, तर माणसाने घडवलेल्या वस्तूला ती बाहेरून मिळते. आपले शरीर अन्न घेते, झीज भरून काढते आणि तरी ‘मी’ तोच राहतो. जीपला हे जमत नाही. तिचा पाटा तुटला तर तो आपोआप सांधत नाही. कोणीतरी वाकून, हात काळे करून तो बदलावा लागतो. म्हणून जीपचे ‘तेच असणे’ केवळ तिच्या लोखंडात शोधून सापडत नाही. ज्यांनी तिला सांभाळले त्या माणसांच्या अखंड काळजीतही ते असते. वडिलांनी बसवलेले डिझेल इंजिन हा त्या काळजीचाच एक भाग आहे. ते गाडीला परके नाही.

कायद्यालाही हा प्रश्न टाळता आलेला नाही. त्याने चासीवर ठोकलेला क्रमांक ही गाडीची मुख्य ओळख धरली. इंजिन बदलायचे तर परवानगी घ्या, नोंद करा. 2021 साली केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून अधिक काळ लोटलेले, मूळ स्वरूपात राखलेले आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेले वाहन त्यात बसते. त्याला वेगळ्या मालिकेतला क्रमांक मिळतो. मात्र असे वाहन रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांपुरतेच ते बाहेर काढायचे. म्हणजे जी गाडी पूर्णपणे ‘मूळ’ ठरली, ती कामातून निवृत्त झाली. आणि जी गाडी काम करत राहावी म्हणून बदलली, ती ‘मूळ’ ठरत नाही. यात कायद्याची चूक नाही. वाहनांची वर्गवारी करणे हे त्याचे काम आहे. पण आपण कशाशी एकनिष्ठ राहायचे, हे कायदा आपल्याला सांगू शकत नाही.

थोरल्या भावाच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. ज्यांनी ती गाडी आखली आणि घडवली, त्यांच्या कामाचाही मान राखायला हवा. सगळ्याच जुन्या जीपा बदलल्या गेल्या, तर ती मुळात कशी होती हे पुढच्या पिढीला कळणार कसे? परंतु एक गोष्ट त्याच्या नजरेतून सुटते. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुठल्या भंगारात तो जे पेट्रोल इंजिन शोधून आणेल, ते दुसऱ्या जीपचे असेल. त्याची गाडी मूळ गाडीसारखी दिसेल, पण मूळ गाडी होणार नाही. तिच्या आयुष्यातली पंचवीस वर्षे मात्र नक्की पुसली जातील. इमारतींच्या जीर्णोद्धाराबाबत हाच वाद एकोणिसाव्या शतकात युरोपात झाला. फ्रान्सच्या व्हिओले-ल-द्युकचे म्हणणे, की इमारतीला तिच्या पूर्णत्वाला न्यावे, मग ते पूर्णत्व पूर्वी कधी प्रत्यक्षात नसले तरी चालेल. इंग्लंडचा जॉन रस्किन 1849 साली लिहून गेला, की असा जीर्णोद्धार म्हणजे असत्य आहे. त्यापेक्षा वेळच्या वेळी निगा राखा.

मला वाटते, या पेचातून सुटण्यासाठी गंज आणि खूण यांतला फरक ओळखला पाहिजे. लोखंडाला हवा आणि पाणी मिळाले की गंज चढतो. तो पापुद्र्यांनी सुटतो, खालचे ताजे लोखंड उघडे पडते आणि मग तेही गंजते. गंज स्वतःहून थांबत नाही. तो शेवटपर्यंत खात जातो. बॉनेटचा पोचा तसा नाही. वेल्डिंगचा टाका तसा नाही. एकदा जे घडून गेले त्याची ती नोंद आहे आणि ती कशालाही खात नाही. दुरुस्ती म्हणजे गंज निर्दयपणे काढणे आणि खूण सांभाळणे. गंज राहू दिला, तर तो आळस झाला. खूण पुसली, तर ते घडलेले लपवणे झाले.

आपल्या श्रद्धेतही याला आधार आहे. पुनरुत्थित प्रभू शिष्यांसमोर आला तेव्हा त्याच्या हातांवरच्या आणि कुशीतल्या जखमा तशाच होत्या. मरणावर विजय मिळवलेल्या शरीरावर त्या पुसून टाकणे अवघड होते काय? तरी त्या राहिल्या, आणि थोमाने प्रभूला ओळखले ते त्यांच्याच साहाय्याने. संत ऑगस्टीन ‘देवाची नगरी’ या ग्रंथाच्या शेवटच्या भागात रक्तसाक्ष्यांविषयी लिहितात. त्यांचे तोडलेले अवयव त्यांना परत मिळतील, पण ख्रिस्तासाठी सोसलेल्या घावांच्या खुणा कदाचित दिसत राहतील, आणि त्या कुरूप नसून शोभेच्या असतील. गमावलेले भरून येते, सोसलेले पुसले जात नाही. नवे करणे याचा अर्थ काहीच घडले नाही असे भासवणे नव्हे.

हे माणसांना तर अधिकच लागू पडते. दारू सोडून घरी परतलेल्या माणसाला आपण म्हणतो, “आता पूर्वीसारखा हो.” भांडून पुन्हा एकत्र आलेल्या पती-पत्नीकडून आपण लग्नाच्या पहिल्या वर्षाचा उत्साह मागतो. मोठ्या आजारातून उठलेल्या आईने पूर्वीच्याच वेगाने घर चालवावे अशी आपली अपेक्षा असते. ही मागणी प्रेमापोटी होते, पण ती अन्यायाची आहे. त्यांना कारखान्यातून आल्यासारखे होता येणार नाही. व्यसन, खोटेपणा, मनात धरलेला राग हा गंज आहे. तो निघालाच पाहिजे आणि त्यासाठी खरवडण्याचे दुःख सोसलेच पाहिजे. पण त्या दिवसांनी चेहऱ्यावर उमटवलेल्या रेषा खुणा आहेत. त्यांच्यासकट ज्याला जवळ घेता येते, त्यानेच खरी क्षमा केली.

याला मर्यादाही आहेत. ब्रेकची जुनी नळी वडिलांनी बसवली म्हणून ठेवायची नसते. आपल्या आठवणीसाठी रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाचा जीव धोक्यात घालता येत नाही. ब्रेक, स्टेअरिंग, टायर यांच्या बाबतीत भावना बाजूला ठेवून नवे सामान घालावे. चासीच कुजली असेल, तर गाडीला निरोप द्यावा. तिचे चांगले सुटे भाग दुसऱ्याच्या गाडीला उपयोगी पडले, तर त्यात कमीपणा नाही. मुलांच्या फीचे पैसे मोडून अंगणात स्मारक उभे करणे वडिलांनाही रुचले नसते. आणि उद्या गाडी विकायची वेळ आली, तर बदललेल्या गोष्टी लपवून ‘ओरिजिनल आहे’ असे सांगणे, किंवा एका गाडीचा क्रमांक दुसऱ्या चासीवर चढवणे, ही उघड फसवणूक आहे. ती कायद्याला सापडली नाही तरी फसवणूकच राहते.

म्हणून दोन्ही भावांना एक सुचवावेसे वाटते. पाना हातात घेण्याआधी एक साधी वही घ्या. गाडीत काय सापडले, त्यातले काय काढले, काय नवे घातले आणि का, हे तारखेसह लिहा. वडिलांनी केलेले बदलही आठवतील तसे त्यात उतरवा, आईला विचारून उतरवा. काढलेले भाग गोणीत बांधून ठेवा. थोरल्याला कारखान्यातली गाडी कशी होती हे त्या वहीत लिहिता येईल. धाकट्याला अण्णांची गाडी अंगणात चालवता येईल. पुढे नातवंडांना वेगळे काही करावेसे वाटले, तर त्यांच्यापासून काही लपवलेले नसेल. ज्या घरात अशी वही प्रामाणिकपणे लिहिली जाते, तिथे माणसांमधले हिशेबही बहुधा स्वच्छ राहतात.